सहज काढल्यासारखं अक्षर

९ फेब्रुवारी १९५३, सोमवार

परत आलं! तिसऱ्यांदा! सबंध गठ्ठा. तपकिरी कागद माझा, दोरी माझी, फक्त गाठ त्यांची. वर शिकागोच्या छपाई-अक्षरांच्या कारखान्यातल्या मिस्टर पेल यांची चिठ्ठी – "मिस लाउबर, काम अप्रतिम. फक्त 'ई'ची शेपटी 'आर'ला भिडत नाही, केसभर वर घ्यावी. आणि 'एन' जरा जास्तच नीटनेटका झालाय. सहज काढल्यासारखा हवा."

सहज! वीतभर उंचीचं एकेक अक्षर. आधी टोकदार पेन्सिलीने कडा काढायच्या, मग भिंगातून बघत शाई भरायची. फटकारा संपतो तिथे रंग आटतो आणि ब्रशचे केस फाकतात ना – ते फाकणंसुद्धा टाकाने काढायचं, एकेक केस! एका अक्षराला तीन तीन संध्याकाळी. आणि दिसायला कसं हवं, तर बाई घाईत होती, बस सुटत होती, जाता जाता लिहून गेली.

त्यांना म्हणावं या मिलवॉकीला, उभे राहा माझ्या टेबलाशी. दुकानात मी एक पाटी दोन मिनिटांत लिहिते. ब्रश बुडवला, रद्दी पुठ्ठ्यावर दोन बाजूंनी पुसला, लिहिलं, झालं. तेव्हा सहज असतं. तीन संध्याकाळी बसून कोणाला सहज येतं?

गेर्डा सख्खी बहीण, पण म्हणाली, "इर्मे, सूप ठेवायला जागा दे, नाहीतर तुझ्या 'एस'वरच पातेलं ठेवते." ठेवलंही. 'एस'वर गोल डाग.

११ फेब्रुवारी

'ई'ची शेपटी केसभर वर घेतली. आता ती 'एल'ला टोचते.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आल्यावर गेर्डाने सरळच विचारलं – हे सगळं करतेस कशासाठी? नोकरी आहे, निवारा आहे, डोळे खराब करून घेतेस. मी म्हटलं, हौस. ती म्हणाली, "हौसेला असं तोंड पाडून बसतात होय?"

तिला नाही सांगितलं ते इथे लिहिते. दुकानाच्या सजावट खात्यात मी एकोणीस वर्षं पाट्या लिहितेय. टोप्या, हातमोजे, पडद्याचं कापड, तळघरात भांड्यांचा सेल. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या पाट्या उतरवायच्या आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या. मीच टाकते, स्वतःच्या हाताने. एकोणीस वर्षांतली एकही शिल्लक नाही. माझ्या शनिवारच्या पाट्यांवर सोमवारपर्यंत कोणीतरी कॉफीचा चोथा ओतलेला असतो.

आणि गेल्या नोव्हेंबरात हा पेल बायकोसाठी हातमोजे घ्यायला आला आणि हातमोज्यांकडे न बघता पाटीकडे बघत उभा राहिला. काउंटरवरच्या मिसेस झेलिंकाला वाटलं, वेडाच आहे. त्याने पाटी विकत मागितली! म्हणाला, "शिकागोला आमचा छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचा, कारखाना आहे. छापखानेवाले असं अक्षर मागून मागून जीव खातायत. आइस्क्रीम, लाँड्री, बोलिंग, नाचाची तिकिटं – सगळ्यांना हाताने लिहिल्यासारखं हवंय, पण हाताने लिहिणारा माणूस नकोय." मी हसले होते तेव्हा.

सगळी अक्षरं, मोठी, छोटी, आकडे, चिन्हं. शिशात ओतणार. देशभर. म्हणजे मी मेले तरी बफेलो शहरातल्या कुठल्या तरी खाणावळीत भिंतीवर माझा 'आर' असेल. एवढंच हवंय मला. एक गोष्ट जी शनिवारी पिंपात जाणार नाही.

२ मार्च

पाचव्यांदा परत. आता चिठ्ठीसुद्धा लहान. "जवळजवळ!"

शिशाच्या खिळ्याला कडा असतात, हे मला कळतं हो. प्रत्येक अक्षर आपल्या चौकटीत बसलं पाहिजे, आणि चौकटीच्या उजव्या कडेला त्याची शेपटी ठरलेल्या एकाच उंचीवर संपली पाहिजे, म्हणजे पुढचं कुठलंही अक्षर येऊन चिकटेल. कुठलंही! मी काय असं लिहिते? पुढे 'ओ' येणार असेल तर 'आर' आधीच वाकून त्याला जागा देतो. पुढे 'एच' असेल तर ताठ राहतो. मी ठरवत नाही, हातच ठरवतो. पेल यांना असा एकच 'आर' हवाय ज्याला पुढे कोण येणार याची फिकीर नाही.

दिवसभर असल्या बेफिकीर 'आर'ची फिकीर करतेय.

६ मार्च, शुक्रवार

'जी' पास! 'जी', 'के', 'वाय' – तिन्ही पास! पेल यांनी फोन केला, चक्क दुकानात. सजावट खात्याचे आमचे साहेब, मिस्टर नोव्हॉत्नी, फोन माझ्या हातात देताना असे बघत होते जसं मला कोणी मागणीच घातलीय. "कामाच्या वेळात, मिस लाउबर?" म्हणे.

युक्ती सापडली मला. हाताने काढायचंच नाही. आधी अक्षर डोक्यात पुरतं बसवायचं – शेपटी इथे, पोट इथे, फाकलेले केस एवढेच सात – आणि मग त्याच्यावरून हात फिरवायचा. डोळे मिटले तरी दिसतं आता. बसमध्ये दिसतं. आंघोळ करताना दिसतं.

१८ मार्च, बुधवार

बहुतेक अक्षरं पास झाली. ईस्टरच्या पाट्या सुरू. नोव्हॉत्नींनी मुलींच्या टोप्यांची पाटी हातात घेतली, खिडकीशी नेली, तिरकी धरली.

"छापून आणल्यात का कुठून?"

"मी लिहिलीय, साहेब. आत्ता."

"वा! एकदम छापील वाटतेय. अशाच सगळ्या येऊ द्या."

एकोणीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदा वा म्हटलं. घरी येताना गेर्डासाठी क्रीम भरलेले बन आणले.

१९ मार्च

बन खाताना आनंद होता. आज सकाळी कालच्या पाट्या ओळीने लावल्या आणि 'ई' मोजत सुटले.

सात पाट्या. अठरा 'ई'. अठराच्या अठरा एकसारखे! पूर्वी एका शब्दात दोन 'ई' आले तर एक उभा, एक बसलेला असायचा, एक हसायचा. मी कधी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणून तर त्या पाट्यांशी लोक थांबायचे. पेल त्याच्याचसाठी थांबला होता!

थकवा असेल. चार महिने तेच तेच काढतेय. दोन दिवस घरचं काम बंद.

२२ मार्च

दोन दिवस बंद ठेवलं. फरक नाही.

२७ मार्च, शुक्रवार

गेर्डाने ओढून श्टान्झेलच्या बारमध्ये मासे खायला नेलं. नेहमीची शुक्रवारची गर्दी, अर्धं चर्च तिथेच. तळलेला मासा, बटाट्याचं धिरडं, राय ब्रेड. मी बिअर घेतली. दुसरीही घेतली. म्हटलं, डोकं सैल झालं तर हात सुटेल.

ओट्टो श्टान्झेल टेबलाशी येऊन म्हणाला, "इर्मा, आलीच आहेस तर एक पाटी खरड ना. बटाट्याचं सॅलड संपलंय म्हणून. लोक विचारून विचारून डोकं खातायत." ब्रश आणि रंग बारमागे असतोच त्याच्याकडे, मीच दिलेला. पुठ्ठा मांडीवर घेतला. मोठ्याने हसत होते, गेर्डाशी बोलत होते, हाताकडे बघतसुद्धा नव्हते.

मग बघितलं. शेपट्या सगळ्या एका उंचीवर. फाकलेले केस सात!

ओट्टो म्हणाला, "काय सुबक! छापील वाटतंय की." मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, मासा पुढ्यात असताना. ओट्टो बिचारा गोंधळून म्हणाला, "अगं, सॅलड तेवढंसं चांगलं नव्हतंच आज."

गेर्डाने मला हाताला धरून बसमध्ये बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "सोड ते शिकागोचं."

आता फक्त दहा आकडे उरलेत. दहासाठी सोडायचं?

४ एप्रिल, शनिवार

वाईट दिवस. उद्या ईस्टर. चाळीस पाट्या हव्या होत्या, मी अकरा दिल्या. अकरा!

हात आता प्रत्येक अक्षराशी थांबतो. 'एच' लिहिला की थांबला – शेपटी बरोबर आली का? मग 'ए' – पोट मोठं तर नाही झालं? तेवढ्यात ब्रशवर रंग वाळतो. पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. पूर्वी अर्ध्या टोप्यांच्या पाट्या मी जेवणाच्या सुट्टीतच लिहायचे, एका हातात सँडविच.

नोव्हॉत्नी दारात. "मिस लाउबर, खाली बायका किंमत शोधायला टोप्या उलट्या करकरून बघतायत. तुम्हाला झालंय काय?"

"हात दुखतोय."

"मग पट्टी बांधा आणि लिहा."

हात दुखत नाही. काहीसुद्धा दुखत नाही. दुखत असता तर बरं झालं असतं, डॉक्टरला दाखवता आला असता.

५ एप्रिल, ईस्टर

शेवटचे तीन आकडे काढून बांधले. मुद्दाम आजच. आता संपलं तर संपलं, हात आपोआप येईल ताळ्यावर.

२१ एप्रिल, मंगळवार

नाही आला.

आज अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. ट्रेड स्कूलमध्ये शिकवलं होतं तसं – वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान आडवं धरायचं, म्हणजे स्तंभांच्या रेघा आपल्या ओळी होतात. फुकटची वही. एकविसाव्या वर्षी मी अशी शेकड्याने पानं काळी केली होती. भाड्याच्या खोल्या, हरवलेली कुत्री, जुना पियानो, सगळ्यावरून फटकारे.

नुसत्या रेघा येतात. कमानी येतात. गोल येतात. अक्षर लिहायला गेलं की पेल यांचंच येतं. पेल यांचं कशाला म्हणू, माझंच ते! पण ते एकच येतं. मला हजार 'आर' यायचे, आता एक येतो.

गेर्डा म्हणाली, "अक्षर म्हणून लिहूच नकोस. वाणसामान लिही." लिहिलं. अंडी, लोणी, कोबी, साबण. कोबीसुद्धा नाचाच्या तिकिटासारखा आला. तिने यादी घेतली, बघितली, म्हणाली, "वाण्याला वाटेल, सेल आहे." आणि दोघीही हसलो. मग मी वर्तमानपत्र टराटरा फाडलं. तिने कचरा उचलला. तिला मी अशी बघवत नाही.

८ मे, शुक्रवार

रजा टाकून शिकागोला गेले. ठरवलं होतं, सांगायचं – थांबवा. माझी अक्षरं परत द्या. मला वाटत होतं, ती परत मिळाली, जाळून टाकली, तर सुटेन. वेडेपणा आहे, माहीत आहे मला.

पेल किती आनंदले! कोट घालायला विसरून बाहीच्या गुंड्या लावत बाहेर आले. आत नेलं, यंत्रं दाखवली. माझ्या वीतभर अक्षरावरून एक माणूस सुई फिरवतो आणि दुसऱ्या टोकाला तेच अक्षर पितळेत नखाएवढं कोरलं जातं. तिथला म्हातारा कारागीर म्हणाला, "बाई, तुमचा 'एस' कोरताना मी गाणं म्हणत होतो." खोटं नव्हता बोलत.

मी म्हटलं, "मिस्टर पेल, हे थांबवता येईल?"

"का? चूक राहिलीय कुठे?"

"मला आता लिहिता येत नाही."

त्यांना कळलंच नाही. म्हणाले, "आता तुम्हाला लिहायची गरजच काय? तुमचा हात आमच्याकडे सुखरूप आहे, मिस लाउबर." इतक्या प्रेमाने म्हणाले की मला रागावताही येईना. मग म्हणाले, "नाव काय ठेवायचं यावर वाद चाललाय. विक्रीवाल्यांना 'फटकारा' हवंय. मी म्हणतो, इर्मा. तुमची परवानगी हवी."

खोटं कशाला लिहू? आनंद झाला. एवढं सगळं घडून, ज्या कामासाठी गेले ते विसरून, मला आनंद झाला! मी हो म्हटलं. सही केली. सहीसुद्धा तसलीच आली, शेपट्या एका उंचीवर. पेल म्हणाले, "सुंदर!"

परतीच्या गाडीत सबंध रस्ता स्वतःचाच राग येत होता.

९ मे

गेर्डा : "थांबवलंस?"

मी : "नाही."

गेर्डा : "मला वाटलंच."

२ जून, मंगळवार

नोव्हॉत्नींनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, तेव्हाच कळलं. पाट्या आता बाहेरून लिहून येणार. दुसऱ्या मजल्यावरची माझी खोली उन्हाळी खुर्च्या ठेवायला हवीय. "तुम्हाला काढत नाहीये. मिसेस झेलिंकाला हातमोज्यांवर मदत हवीच होती."

मी म्हटलं, "ठीक आहे." भांडायला हवं होतं. एकोणीस वर्षं! निदान खुर्ची तरी आपटायची. ठीक आहे म्हटलं आणि जिना उतरले.

ब्रश तेल लावून कागदात गुंडाळले. बावीस होते.

६ जुलै

हातमोजे. दिवसभर बायकांचे हात हातात घेते, बोटांच्या मुळाशी फीत गुंडाळते, माप सांगते. उन्हाळ्याचे पांढरे सुती, लग्नाचे लांब. मिसेस झेलिंका म्हणते, "तुला छान जमतंय की! आणि पायाला मुंग्या आल्या तर पेटीवर टेक, मी बघते साहेबांकडे." चांगली बाई आहे. तिचं चांगलं असणंही आज सहन होत नव्हतं.

काउंटरवर बाहेरून आलेली पाटी आहे. ठळक, सरळ, कंटाळवाणी. कोणी तिच्याकडे बघत नाही. मीही बघायची नाही असं ठरवलंय आणि दिवसातून पन्नासदा बघते.

१४ सप्टेंबर, सोमवार

शिकागोहून जाड पाकीट. नमुन्याचं पुस्तक असणार. खिळे तयार झाले, विक्रीला गेले.

उघडलं नाही. गेर्डा चिडली. "सहा महिने जेवायच्या टेबलावर त्यांचा पसारा सोसला मी! निदान तोंड तरी बघू दे मेल्यांचं!" मी म्हटलं, तू बघ, मला दाखवू नकोस. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे. पानं उलटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता.

"कशी आहेत?" शेवटी मीच विचारलं.

"तू लिहायचीस तशी," ती म्हणाली आणि पुस्तक पुन्हा पाकिटात घालून कपाटावर टाकलं.

मी विचारायला नको होतं.

११ ऑक्टोबर

ओट्टोने मासळीच्या पाटीसाठी निरोप धाडला. हात मोडलाय असं कळवलं. आता शुक्रवारी तिकडे जायची सोय नाही राहिली.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मिचेल स्ट्रीटवर बसमधून एका बेकरीच्या काचेत पाटी दिसली. निळा रंग, ख्रिसमस केकची मागणी आजच नोंदवा. मी पुढच्याच थांब्यावर उतरून मागे चालत गेले. इतकं मोकळं अक्षर! लिहिणारी शिट्टी वाजवत लिहून निघून गेली असणार. रस्त्याच्या पलीकडे थंडीत उभी राहून मी त्या बाईचा इतका हेवा केला, इतका! मग वाटलं, भेटावं तिला, पाया पडावं, शिकव म्हणावं. आत जाऊन विचारलं, पाटी कोणी लिहिली? बेकरीवाली हसली. "छापील आहे हो! कोपऱ्यावरच्या छापखान्यातली. नवीन अक्षर आलंय म्हणे, इर्मा नावाचं. इतकं आवडलं का? छापखानेवाल्याला सांगते, खूश होईल – कोण विचारत होतं म्हणून सांगू?"

म्हटलं, गेर्डा.